कौल कशाचा?

निवडणुकीचा निकाल लागला की जो तो त्यात आपल्या मनातला अर्थ शोधू लागतो. २०२४ च्या जुलैमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या पदरी ५७ पैकी अवघ्या ९ जागा पडल्या, तेव्हा ब्रिटनपासून अलग होण्याचा प्रश्न स्कॉटलंडपुरता मिटला, असे भाष्य काहींनी केले. वस्तुतः जनमताच्या चाचण्यांत स्वातंत्र्याचा पाठिंबा निम्म्याच्या जवळपास टिकून होता. आम्हांला या निमित्ताने ग्वाल्हेरची आठवण झाली.

ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील संस्थाने यांचा मध्यभारत हा संघ १९४८ च्या मे महिन्यात स्थापन झाला. जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले. हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानीची वाटणी ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा संघ मध्य प्रदेशात विलीन झाला आणि राजधानी भोपाळला गेली. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे अशा वेळी विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मतदारांचे नव्हे. ते कोणी मागवलेही नाही.

पुढे चारच महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५२ साली ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही जागा हिंदू महासभेने जिंकल्या होत्या. १९५७ साली त्या काँग्रेसकडे गेल्या. म्हणजे विलीनीकरणाला जनतेने संमती दिली काय? वरवर पाहणारा तसे खुशाल म्हणेल. पण गुण्याच्या काँग्रेस उमेदवार होत्या राजघराण्यातील विजयाराजे शिंदे. त्याच विजयाराजे १९६७ साली स्वतंत्र पक्षाच्या चिन्हावर उभ्या राहिल्या, तेव्हाही गुण्याने त्यांनाच निवडून दिले. तेथे पक्ष बदलला, चिन्ह बदलले, निष्ठा तेवढी बदलली नाही. अशा मतांतून मध्यभारताविषयीचे मत गाळून काढणे कोणत्या पंडिताला जमणार आहे?

या बाबतीत आपला गोमंतक भाग्यवान म्हटला पाहिजे. १९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर येताच तो महाराष्ट्रातील विलीनीकरणाचाच कौल होय, असे विलीनीकरणवाद्यांनी मानले. त्यांचा भाव खोटा नव्हता, हिशेब चुकीचा होता. १६ जानेवारी १९६७ रोजी तोच एक प्रश्न, फूल आणि दोन पाने या चिन्हांनिशी, लोकांपुढे ठेवण्यात आला. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली. मराठीच्या कैवाऱ्यांच्या हा निकाल जिव्हारी लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि मौज अशी की, मार्चमध्ये निवडणूक होताच त्याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा गादीवर बसवले! त्यांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या, त्याही निम्म्याहून कमी मतांवर. ज्यांना जानेवारीचा निकाल ठाऊक नसेल, त्यांनी या १६ जागांवरून गोमंतकाचे मन काय असल्याचे ठरवले असते, याची कल्पना करावी. बहुजन समाजाची भाऊसाहेबांवरील श्रद्धा, कूळ-मुंडकारांच्या आशा, गावोगावच्या मराठी शाळा, असे कितीतरी विषय त्या मतात मिसळले होते. प्रश्न वेगळा काढून विचारला म्हणूनच त्याचे उत्तर वेगळे कळले.

स्कॉटलंडनेही हाच अनुभव उलट दिशेने घेतला. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्क्यांनी अलग होण्यास नकार दिला आणि आठ महिन्यांत त्याच नॅशनल पार्टीला ५९ पैकी ५६ जागा बहाल केल्या. त्या ५६ जागा स्वातंत्र्याचा कौल नव्हत्या. मग २०२४ च्या ९ जागा तरी त्याचा मृत्युलेख कशा ठरतात?

ग्वाल्हेरला महालेखापालांचे कार्यालय, महसूल मंडळ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले. राजधानीच्या बदल्यात एवढे पुरेसे आहे काय, हे लष्कर भागातील मराठी घरांना किंवा त्यांच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांना १९५६ साली कोणी विचारले नाही, आणि १९५७ च्या मतपेट्यांत ते उत्तर शोधूनही सापडणार नाही.