तापातली आकडी आणि लोखंडी कढई

प्रवेशाचे दिवस आले की मुख्याध्यापकाच्या खोलीत सकाळपासून पालकांची रीघ लागते. गेल्या जून महिन्यात अशाच एका सकाळी बेगम बाजारात राहणाऱ्या एक मराठी आजीबाई नातीचे नाव पहिलीत घालण्यासाठी आमच्याकडे आल्या. कडेवर दीड वर्षाचा नातू होता. हे कुटुंब तीन पिढ्यांपासून तेथल्याच एका गल्लीत राहते. मुलगा भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. अर्ज भरता भरता आम्ही ‘पूर्वीचे आजार’ ह्या रकान्यापाशी आलो, तशी आजीबाईंनी एकवार दाराकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, हिला लहानपणी दोनदा तापात फिट आली होती. आता तीन वर्षं झाली, काही नाही. पण ते कागदावर लिहू नका हो. एकदा लिहिलं की जन्माला चिकटतं. उद्या हिचं लग्न करायचं आहे आम्हाला.”

सहा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची ही काळजी ऐकून आम्हांस हसू आले नाही. फेफऱ्याचा शिक्का म्हणजे काय, हे आमचा समाज चांगले जाणतो. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा ह्या रोगाचा उल्लेख विवाहाच्या आड येणारी गोष्ट म्हणून होता. तो १९९९ साली काढून टाकण्यात आला. कायदा बदलला, माणसांची मने मागे राहिली. परंतु त्या मुलीला जे झाले होते ते मुळात फेफरे होते काय, हा प्रश्न त्या घरात कोणी कोणाला विचारलाच नव्हता.

आमचे बोलणे चालू असताना नातू कडेवरून खाली उतरला. फळ्याखाली पडलेला खडूचा तुकडा त्याने उचलला आणि मोठ्या आवडीने तोंडात घातला. “हे याचं नेहमीचंच,” आजीबाई म्हणाल्या. “खडू, माती, भिंतीचा पोपडा, काही सोडत नाही. रागावून पाहिलं, बोटाला मिरची लावून पाहिली.” मुलगा गोरा दिसत होता, पण तो गोरेपणा निरोगी नव्हता. आम्ही रकाना रिकामा ठेवला आणि दोन्ही मुलांना बालरोगतज्ज्ञांकडे नेण्याची विनंती केली. पुढे आम्हीही त्यांच्याशी बोललो. त्यातून जे समजले ते वाचकांच्या घरी उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

सहा महिने ते पाच वर्षे ह्या वयातील शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बहुधा ती दुसऱ्या वर्षात येते. मूल एकाएकी ताठ होते, डोळे फिरवते, हातपाय झटकू लागते आणि हाकेला ओ देत नाही. पाहणाऱ्याला ती दोन मिनिटे दोन तासांसारखी वाटतात. पण अशी साधी आकडी बहुतेक वेळा आपोआप थांबते आणि मेंदूला इजा करीत नाही. ती आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. वय वाढते तशी ही खोड सुटते. पुढे फेफरे जडण्याचा संभव इतर मुलांपेक्षा किंचित अधिक असला, तरी तो शंभरांत एकदोनांपुरताच असतो. म्हणजे तापातली आकडी हे काही फेफऱ्याचे दुसरे नाव नव्हे. आपल्या जुन्या वैद्यकाने बालकांच्या अशा आकस्मिक दुखण्यांना ‘ग्रह’ म्हटले. सुश्रुतसंहितेत असे नऊ बालग्रह सांगितले आहेत. आज कारण कळत असताना दृष्ट आणि अंगारा यांत वेळ दवडण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

आकडी आली त्या रात्री त्या घरात काय केले होते? नातीच्या दातांत चमचा घातला, नाकाशी कांदा धरला, मुठीत किल्ली दिली. असे काहीही करू नये. मुलाला सपाट जागी कुशीवर निजवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, तोंडात पाणी, औषध वा चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ वर फोन करावा. एकाच दिवसात ती पुन्हा आली, मूल शुद्धीवर येईना, मान ताठ झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा मूल सहा महिन्यांच्या आतले असले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पहिली आकडी थोडक्यात थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तापाचे औषध मुलाला आराम देते, पण आकडी टाळतेच असे नाही. तेव्हा “औषध द्यायला उशीर झाला म्हणून झाले” असा दोष आईला देऊ नये.

आता नातवाकडे वळू. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या ओढून पाहिल्या, तळहात पाहिले, रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठाच्या घरात होते आणि कारण होते लोहाची कमतरता. माती आणि खडू खाण्याची ओढ हे पुष्कळदा तिचेच लक्षण असते. मिरचीने ते जायचे नव्हते. आजीबाईंना हे पटेना. “आमच्या घरी दुधाला कधी कमी नाही. दिवसाला लिटरभर पितो,” त्या म्हणाल्या. घोटाळा नेमका तेथेच होता. मूल जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढे अन्नातून लोह मिळावे लागते आणि गाई-म्हशीच्या दुधात ते नाममात्र असते. पोट दुधाने भरले की मूल भाकरी-भाजीकडे पाहत नाही. नातीचेही दुसरे वर्ष असेच दुधावर गेले होते.

लोहाचा आणि आकडीचा संबंध काय? लोह रक्तात प्राणवायू वाहते, तसे मेंदूतील पेशी ज्या रसायनांच्या द्वारे एकमेकींशी बोलतात ती घडविण्याच्या कामीही लागते. भारतात आणि इतर देशांत झालेल्या अनेक अभ्यासांत, नुसता ताप आलेल्या मुलांपेक्षा तापात आकडी आलेल्या मुलांत लोहाची कमतरता अधिक आढळली. सर्वच अभ्यासांचा निष्कर्ष असा नाही आणि लोह दिल्याने आकडी टळते असेही सिद्ध झालेले नाही. त्यामुळे नातीच्या आकड्या लोहाअभावी आल्या, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. पण आकडी आलेल्या मुलाचे रक्त एकदा तपासून घ्यावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. साठ्यातील लोह सांगणारे ‘फेरिटिन’ तापात खोटे वाढलेले दिसते. म्हणून ती तपासणी केव्हा करावी हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. आकडीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी लोहाअभावी मूल मलूल होते, त्याचे लक्ष लागत नाही, शिकणे मागे पडते. हे आम्ही वर्गात पाहिले आहे आणि अशा मुलांना आळशी म्हटल्याची चूकही आमच्या हातून घडली आहे.

ही एकट्या घराची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची देशातील शंभरांपैकी ६७ मुले रक्तक्षयी आढळली. तेलंगणात ७०, महाराष्ट्रात जवळपास ६९. साऱ्यांचे कारण लोहच असते असे नाही. थॅलेसेमियाचा वारसा असला तरी रक्त असेच फिके दिसते, म्हणून मनाने लोह सुरू करू नये. ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेत ह्या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे औषध देण्याची तरतूद आहे. अंगणवाडीत वा बस्ती दवाखान्यात त्याची चौकशी करावी. लोहाच्या गोळ्या आणि बाटल्या मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत. अधिक मात्रा जिवावर बेतते.

उरला स्वयंपाकघराचा भाग. ज्या बाजारात ही आजीबाई राहतात तेथे भांड्यांची आणि सुक्या मेव्याची घाऊक दुकाने शेजारी शेजारी आहेत. लोखंडी कढई तेथेच मिळते, अळीव आणि मनुकाही तेथेच. कढईत चिंच-टोमॅटो घालून केलेल्या भाजीत लोह उतरते. नाचणीची पेज, मोडाची मटकी, अळिवाची खीर, चालत असल्यास अंडे व कलेजी मुलांना द्यावी. जोडीला लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा देऊ नये. दूध बंद करू नये, पण वर्षानंतर दिवसाला दोन पेल्यांवर नेऊ नये. मात्र रक्त एकदा उतरले की केवळ आहाराने भरून येत नाही; औषध डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यावेच लागते.

दिवाळीच्या सुट्टीआधी आजीबाई पुन्हा आल्या. नातवाचे रक्त अकराच्या वर गेले होते आणि खडूकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. माळ्यावरची सासूच्या वेळची कढई खाली काढल्याचे त्यांनी सांगितले. मग त्याच म्हणाल्या, “गुरुजी, तो रकाना भरून टाका.” आम्ही लिहिले : ‘बालपणी तापात दोनदा आकडी, फेफरे नाही. गेली तीन वर्षे निरोगी.’ त्यांनी ते दोनदा वाचले आणि खाली सही केली.