घोड्याचा पाय अचानक मोडत नाही

अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींविषयी बोलताना गेल्या काही वर्षांत एक आकडा पुन्हा पुन्हा पुढे येतो. तो बक्षिसाच्या रकमेचा नाही आणि वेगाचाही नाही. दर हजार धावांमागे किती घोडे दगावले, हे तो सांगतो. एक घोडा एका शर्यतीत उतरला की ती एक धाव. २००९ मध्ये या नोंदी देशपातळीवर एकत्र ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा हे प्रमाण २ होते. २०२४ मध्ये नव्या केंद्रीय नियमांखाली आलेल्या रेसकोर्सवर ते ०.९० पर्यंत खाली आले. हे नियम जेथे लागू नाहीत, तेथे त्याच वर्षी ते १.७६ होते.

आकडे लहान वाटतात. पण दिवसाला नऊ शर्यती आणि प्रत्येक शर्यतीत आठ घोडे धरले, तर चौदा दिवसांच्या शर्यतींत हजार धावा भरतात. म्हणजे पूर्वी साधारण दर सात दिवसांच्या शर्यतींमागे एक घोडा जात होता. घोडा ताशी ६० किलोमीटरच्या वेगात कोसळतो तेव्हा त्याच्या पाठीवर जॉकी असतो आणि मागून आणखी घोडे येत असतात. त्यामुळे हा प्रश्न माणसाच्या जिवाचाही आहे.

हे प्रमाण कमी कसे झाले, हे समजून घ्यायचे तर आधी घोड्याचा पाय का मोडतो, हे पाहावे लागते.

सांता अनिताचा हिवाळा

कॅलिफोर्नियातील सांता अनिता हे अमेरिकेतील नामांकित रेसकोर्स. २६ डिसेंबर २०१८ रोजी तेथे हंगाम सुरू झाला आणि जून २०१९ मध्ये तो संपेपर्यंत ३० घोडे दगावले. त्या हिवाळ्यात तेथे नेहमीपेक्षा बराच जास्त पाऊस पडला होता. मार्चमध्ये शर्यती थांबवून ट्रॅकची तपासणी झाली. बंदी असलेली औषधे वापरली गेली असावीत, असा संशयही व्यक्त झाला.

राज्याच्या शर्यत मंडळाने पहिल्या तीन महिन्यांतील मृत्यूंची चौकशी केली, तेव्हा बेकायदा औषधांचा पुरावा मिळाला नाही. शवविच्छेदनात मात्र वेगळेच दिसले. हाड मोडून दगावलेल्या २२ घोड्यांपैकी २१ घोड्यांच्या मोडलेल्या जागी आधीपासून इजा होती. जे हाड शर्यतीत किंवा सरावात मोडले, ते त्यापूर्वीच झिजत होते, तडकत होते.

हा निष्कर्ष नवा नव्हता. दगावलेल्या प्रत्येक घोड्याचे शवविच्छेदन करण्याची पद्धत कॅलिफोर्नियात १९९० पासून आहे आणि तेथील पशुवैद्यक हेच वर्षानुवर्षे सांगत आले होते. ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांतील बहुतेक घटनांची सुरुवात काही आठवडे आधी झालेली असते.

हाड थकते कसे

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचे वजन ४५० ते ५०० किलो असते. भरधाव पळताना एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट असतो. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात स्नायू जवळजवळ नसतातच. असतात ती हाडे, कंडरा आणि कातडे. सर्वाधिक ताण पडतो तो खुराच्या वरच्या सांध्यावर. घोडेवाले त्याला फेटलॉक म्हणतात. बहुतेक जीवघेणे अस्थिभंग या सांध्यातच किंवा त्याच्या आसपास होतात.

हाड जिवंत असते. भार पडला की त्यात अतिसूक्ष्म चिरा पडतात आणि शरीर त्या दुरुस्त करते. काही पेशी खराब झालेला भाग विरघळवून टाकतात आणि दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. पण या दोन कामांचा वेग सारखा नसतो. जुने काढायला काही आठवडे पुरतात, नवे भरायला काही महिने लागतात. भिंतीची दुरुस्ती करताना आधी पोकळ झालेला गिलावा खरवडून काढावा लागतो आणि तेवढे दिवस भिंत आधीपेक्षा कमकुवत असते, तसेच हे. त्याच दिवसांत घोड्याला पुन्हा भरधाव पळवले, तर हाड दगा देते. म्हणूनच दीर्घ विश्रांतीनंतर घाईने सरावाला लावलेला घोडाही धोक्यात असतो.

माणसातही हेच घडते. सैन्यात नव्याने भरती झालेले तरुण किंवा मॅरेथॉनची तयारी घाईने करणारे धावपटू यांच्या नडगीच्या हाडाला अशाच चिरा जातात. फरक एवढाच, की माणूस ‘दुखतंय’ म्हणतो आणि थांबतो. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी; दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. तो फार तर पाऊल किंचित आखडून टाकतो. हे आखडलेले पाऊल वेळीच ओळखणे, ही घोड्यांच्या सुरक्षेची पहिली पायरी.

औषध वेदना लपवते

इथेच सुरक्षेचा प्रश्न आणि सचोटीचा प्रश्न एकमेकांना भेटतात. डोपिंग म्हटले की वेग वाढवणारे औषध डोळ्यांसमोर येते. घोड्यांच्या बाबतीत तेवढाच, किंबहुना जास्त धोका वेदना घालवणाऱ्या औषधांचा असतो. ही औषधे बेकायदा नसतात. सांध्यात दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन सूज उतरवते आणि घोडा पुन्हा मोकळा चालू लागतो. पण हाडातील चीर तशीच राहते. शर्यतीपूर्वी तपासणाऱ्या डॉक्टरला ठणठणीत घोडा दिसतो, पैसे लावणाऱ्यालाही तोच दिसतो. फसवणूक दोघांची होते. किंमत घोडा आणि जॉकी मोजतात.

दुसरे उदाहरण वाचकांच्या घरातले आहे. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसांना बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे दिली जातात. हाड विरघळवणाऱ्या पेशींना ती रोखतात. म्हातारपणी हे उपयोगाचे ठरते. पण दोन-तीन वर्षांच्या, रोज पळणाऱ्या घोड्यात याच पेशींनी खराब भाग काढला नाही, तर दुरुस्तीच सुरू होत नाही. शिवाय या औषधाने दुखणेही कमी होते. म्हणून अमेरिकेच्या नव्या नियमांत शर्यतीच्या घोड्यांना ही औषधे पूर्ण वर्ज्य आहेत.

२०२१ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेल्या मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथॅसोन हे स्टेरॉइड सापडले. प्रमाण होते दर मिलिलीटरला २१ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पुरळावर लावलेल्या मलमातून ते आले, असा बचाव झाला. मात्र शर्यतीच्या दिवशी ते शरीरात असणेच नियमबाह्य होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. तोवर घोडा उरला नव्हता. ६ डिसेंबर २०२१ रोजी सांता अनिता येथेच सरावानंतर तो कोसळून मेला. शवविच्छेदनात मृत्यूचे निश्चित कारण सापडले नाही.

एक देश, अनेक नियमावल्या

तोपर्यंत अमेरिकेत प्रत्येक राज्याचे शर्यत मंडळ वेगळे होते. एका राज्यात चालणारे औषध शेजारच्या राज्यात चालत नसे. मार्च २०२० मध्ये संघराज्याच्या तपास यंत्रणेने दोन डझनांहून अधिक ट्रेनर, पशुवैद्यक आणि औषध पुरवणाऱ्यांवर आरोप ठेवले. चाचणीत सापडू नयेत अशीच ही औषधे बनवली होती. जॉर्ज नव्हारो आणि जेसन सर्व्हिस या दोन नामवंत ट्रेनरना पुढे अनुक्रमे पाच आणि चार वर्षांची शिक्षा झाली. राज्यांच्या चाचण्यांना चुकवून हे चालले होते आणि ते उघड झाले फोनवरील संभाषणे ऐकून. नुसत्या प्रयोगशाळेवर विसंबून चालणार नाही, हे त्यातून दिसले.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि थरोब्रेड शर्यतींसाठी सचोटी व सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे ‘हायसा’, अस्तित्वात आले. ते खासगी, ना-नफा संस्थेच्या स्वरूपात आहे. खर्च शर्यतीचा व्यवसाय उचलतो आणि देखरेख केंद्रीय व्यापार आयोगाची असते. ट्रॅकच्या सुरक्षेचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले, औषधांचे नियम मे २०२३ मध्ये.

नियमांचा रोख वर सांगितलेल्या शास्त्रावरच आहे. सांध्यात इंजेक्शन दिल्यानंतर १४ दिवस घोडा शर्यतीत उतरू शकत नाही. दिलेल्या प्रत्येक उपचाराची नोंद पशुवैद्यकाला प्राधिकरणाकडे करावी लागते. एका शर्यतीत जॉकीला जास्तीत जास्त सहा वेळा चाबूक वापरता येतो. ‘क्लेमिंग’ शर्यतींचा नियम तर मनुष्यस्वभाव ओळखून केलेला आहे. या शर्यतींत उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीला असतो, त्यामुळे दुखरा घोडा दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा मोह होतो. आता शर्यतीनंतर घोडा दगावला किंवा लंगडताना आढळला, तर तो सौदाच रद्द होतो. दुखणे लपवण्यातला फायदा संपला, की लपवणेही कमी होते.

तंत्रज्ञानाचीही मदत होत आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सांता अनिता येथे घोड्याला पूर्ण भूल न देता, उभ्या उभ्या त्याच्या पायाचे पेट स्कॅन करणारे यंत्र बसवले गेले. एक्स-रेमध्ये न दिसणारी हाडातील हालचाल त्यात उजळून दिसते.

आकडे किती मानायचे

०.९० आणि १.७६ यांतील सगळे अंतर कायद्याच्या खात्यावर जमा करणे घाईचे ठरेल. नियमांबाहेरचे रेसकोर्स बहुधा लहान आहेत, तेथील घोडे आणि ट्रॅकही वेगळे असतात. शिवाय या आकड्यात शर्यतीनंतरच्या ७२ तासांतील मृत्यूच येतात. सरावात मोडलेले पाय आणि निवृत्तीनंतर घोड्याचे काय झाले, हे त्यात दिसत नाही. कायदा झाल्यानंतरही २०२३ मध्ये डर्बीच्या आसपास चर्चिल डाउन्सवर १२ घोडे दगावले आणि जूनमध्ये तेथील शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

ट्रेनरच्या तक्रारींतही तथ्य आहे. चाचण्या इतक्या सूक्ष्म झाल्या आहेत, की तबेल्यातील एखाद्या कामगाराने स्वतःसाठी घेतलेल्या औषधाचा अंशही घोड्याच्या नमुन्यात सापडू शकतो. माणसाच्या मधुमेहावरील मेटफॉर्मिनवरून असे वाद झाले आहेत. प्रयोगशाळाही निर्दोष नाहीत. केंटकी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवणे २०२४ मध्ये थांबवावे लागले. खासगी संस्थेला इतके अधिकार देता येतात का, यावर तेथील न्यायालयांची मते विभागली आहेत. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठवली. लुइझियाना आणि वेस्ट व्हर्जिनियात न्यायालयीन मनाईमुळे हे नियम लागू झालेले नाहीत.

तरीही एक गोष्ट या वादांच्या पलीकडे उरते. १.७६ हा आकडा वाईट आहे, हे कळते ते शेजारी ०.९० असल्यामुळे. मोजणी सुरू झाली, ती जाहीर झाली, म्हणून तुलना शक्य झाली.

आपल्याकडच्या शर्यती

मुंबईत महालक्ष्मीला १८८३ पासून शर्यती होतात, पुण्यात पावसाळी हंगाम रंगतो. पळतो तो हाच थरोब्रेड घोडा आणि त्याच्या हाडांचे शास्त्रही तेच. घोड्यांच्या डोप चाचण्यांची सोय दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ मानले. घोड्याची तयारी आणि पूर्वीची कामगिरी अभ्यासून पैसे लावता येतात, हा त्यामागचा आधार. ज्या घोड्याचे दुखणे औषधाने झाकले आहे, त्याचा अभ्यास तरी कसला करणार?

आपल्याकडे रेसकोर्सच्या बातम्या येतात त्या विजेत्यांच्या, बक्षिसांच्या आणि जागेच्या वादाच्या. प्रत्येक हंगामाच्या शेवटी एकूण धावा किती, जायबंदी किती, दगावले किती आणि शवविच्छेदनात काय आढळले, एवढ्या चार ओळी त्याच ठळकपणे छापून आल्या, तर फार मोठा खर्च येणार नाही. अमेरिकेत केंद्रीय कायदा व्हायला २०२० साल उजाडावे लागले. मोजणी त्याच्या अकरा वर्षे आधीच सुरू झाली होती.