खिजरी तलावाची दलदल

आपल्या शहराच्या उत्तरेस, दिल्ली दरवाजाबाहेरील खिजरी तलावास आज पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचें नांव आहे. जलपर्णी उपसली, कांठ बांधला, कीं तलाव सुधारला, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. जलपर्णी सांडपाण्यावर पोसते. तें न थांबवितां ती उपसणें म्हणजे फांद्या छाटून मुळाशीं पाणी घालणें होय. आपल्या गल्लींतील गटार कोठें जाऊन मिळतें, हें पालकांनीं मुलांसह एकदां चालून पाहावें. शिवाय कांठची जी दलदल व पाणकणसें आपण ओंगळ समजतों, तींच गाळ अडवितात, पाणी निवळवितात आणि पक्ष्यांस घरट्यापुरता आडोसा देतात. सर्वत्र फरसबंदी झाल्यावर जांभळ्या पाणकोंबडीनें राहावें कोठें?