पेरणीची तारीख तरी सांगा



दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. वय एकोणतीस, दोन लेकरे, सासरी चार एकर कोरडवाहू. अर्ध्यात पऱ्हाटी, अर्ध्यात ज्वारी आणि तूर. दहावी झाली आणि लग्न झाले. म्हणाली, “ताई, मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी देते. मग डी.एड. करून मास्तरीण होते. तुम्ही केलं, मग मी का नाही?”

तिच्या मागोमाग सासरेही आले. हसत म्हणाले, “लेकरं शाळेत घालायच्या वयात हीच शाळेत निघाली!” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण तिशी उलटलेल्या माणसाने हातात पुस्तक धरले की आपण हसतोच. साठीच्या माणसाने नवे वावर बटाईने केले तर कोणी हसत नाही. शिकणाऱ्याला मात्र हसतो.

मी स्वतः या वाटेने गेलेली. तरी मला तिला पटकन ‘हो’ म्हणवेना, आणि ‘नाही’ म्हणायलाही जीभ रेटेना. असे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

माझा हिशेब

मी २००५ साली दहावी झाले. दोन वर्षांनी लग्न झाले. पुढची पंधरा वर्षे निंदण, वेचणी, चूल आणि लेकरे यांत गेली. २०२२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बाहेरून बारावी दिली. तेव्हा माझी मुलगी आठवीत होती. एकाच बल्बखाली दोघी अभ्यासाला बसायचो, आणि इंग्रजीचे अडले की मीच तिला विचारायची. त्याच वर्षी डी.एल.एड.ला, म्हणजे आपण अजून ज्याला डी.एड.च म्हणतो त्याला, प्रवेश घेतला. २०२४ साली पदविका मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी, झाली. त्यात पास झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात भरतीची अभियोग्यता चाचणी दिली. गुण मध्यम पडले. नोकरी अजून नाही.

आता खर्च. उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसाची मजुरी धरा, असे आपण सरकारला इतकी वर्षे ओरडून सांगतो. मग शिक्षणाच्या हिशेबातही ती धरली पाहिजे. दोन वर्षांची फी, गाडीभाडे, वह्यापुस्तके, परीक्षांचे अर्ज, आणि मी वावरात नव्हते म्हणून लावलेल्या मजुरणींचे पैसे. सगळे मिळून अठ्ठ्याऐंशी हजारांच्या वर गेले. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. त्या भावाने हा साडेअकरा क्विंटल कापूस झाला. आमच्या कोरडवाहू वावरात चांगल्या वर्षी एकरी चार-पाच क्विंटल होतो. म्हणजे अडीच एकरांचे एका हंगामाचे सगळे पीक, आणि तेही बियाणे, खत, फवारणी वजा न करता.

या खर्चाचे मला दुःख नाही. पण हा आकडा मला आधी कोणी सांगितला नव्हता, याचे आहे. ‘शिक्षण कधी वाया जात नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या कोणी माझी फी भरली नव्हती.

शाळेला आपली माणसे का हवीत

मग एवढे करून मिळवायचे काय? नुसता पगार नव्हे. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला पाठवले होते. वेचणी जोरात होती. चौथीच्या वर्गात अर्धी पोरे नाहीत. हजेरीपटावर नुसती ‘गैर’ अशी नोंद. मला मात्र ती पोरे कुठे आहेत हे ठाऊक होते. माय किलोच्या भावाने कापूस वेचते, आणि मोठी लेक धुऱ्यावर झाडाखाली तान्ह्या भावाला सांभाळते. मीही माझ्या मुलीला असेच बसवले होते.

संध्याकाळी मी तीन मुलींच्या घरी गेले. शाळेचे नाव आधी काढलेच नाही. कापूस कसा आहे, बोंडअळी किती लागली, भाव काय मिळाला, असे बोलत बसले. मग हळूच पोरीचा विषय काढला. तिघींपैकी दोघी शाळेत आल्या. तिसरी आली नाही. तिच्या मायची कंबर गेली होती, घरात करणारे दुसरे कोणी नव्हते. तीनपैकी दोन. हे फार मोठे काम नव्हे. पण ते पुस्तकात वाचून जमले नसते.

तेच गणिताचे. सहावीच्या पोरांना शेकडेवारी कळेना. मी फळ्यावर लिहिले, व्यापाऱ्याने क्विंटलमागे दोन किलो कडता कापला, तर शेकडा किती कापला? आणि सात क्विंटलांवर किती रुपये गेले? सगळा वर्ग हिशेबाला लागला. एक पोरगा तर म्हणाला, “बाई, आमच्या बापाचा तीन किलो कापला.” शहरातून आलेले शिक्षक वाईट असतात, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यात जीव लावून शिकवणारे मी पाहिले आहेत. पण गावाच्या शाळेत निदान एक तरी माणूस असा हवा, ज्याला वेचणीचा महिना म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

ही मागणी माझी नाही, एकशे चाळीस वर्षांपूर्वीची आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी म्हटले होते की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तितके शेती करणाऱ्या समाजातून तयार करावेत. ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत. अशा शिकवून तयार केलेल्या शिक्षकाला महिना बारा रुपयांच्या खाली पगार नको, हेही त्यांनी त्यातच सांगितले.

आणि वयाचे म्हणाल, तर अनुताई वाघांकडे पाहा. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. शिक्षिकेची नोकरी करता करता त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि पदवी घेतली तेव्हा पन्नाशी उलटली होती. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडला, आता पालघर जिल्ह्यात आहे ते, आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. मला वाटते, वेचणीच्या महिन्यात आपल्याकडे धुऱ्यावरची शाळा कोणी का काढू नये?

वाटेतले खड्डे

इतके असूनही त्या सुनेला मी लगेच ‘हो’ का म्हटले नाही? कारण ही वाट वीस वर्षांच्या मोकळ्या पोरांसाठी आखलेली आहे. संसार अंगावर असलेल्या माणसाचा विचार तिच्यात कोणी केलेला नाही.

पहिली गोष्ट, कोणते दार कुठे उघडते हे नीट पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. तिथे प्राथमिक शिक्षणाची पदविकाच लागते. ज्यांना गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे आहे आणि कोणी बी.एड.ला पैसे भरायला सांगत आहे, त्यांनी थांबावे.

दुसरी गोष्ट, ‘घरबसल्या डी.एड.’ असे सांगणारा दलाल दारात आला तर त्याला चहाही देऊ नका. पत्राने शिकण्याची सोय आधीच शिक्षकाच्या नोकरीत असलेल्यांसाठी होती, नव्याने येणाऱ्यांसाठी नव्हे. पैसे देऊन टीईटीचे गुण वाढवून देणारेही भेटतील. २०१९-२० च्या परीक्षेत हा धंदा झाल्याचे २०२१ साली उघडकीला आले आणि सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. पैसेही गेले आणि नावही.

तिसरी गोष्ट, हजेरी. नियमाने वर्गाला ऐंशी टक्के आणि शाळेतल्या सरावाला नव्वद टक्के हजेरी लागते. शिक्षकाची हजेरी कडक असावी, याबद्दल वाद नाही. पण वेचणीचे तीन महिने आणि कॉलेजचे भर सत्र एकाच वेळी येतात. त्या दिवसांत घरची साथ नसेल तर बाई एक तर कॉलेज सोडते, नाही तर आजारी पडते. आमच्या वर्गात संसारी बाया पाच होतो. शेवटपर्यंत दोघी टिकलो.

वय कोणासाठी थांबते?

पण सगळ्यांत खोल खड्डा पुढेच आहे. भरतीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी झाली २०२३ च्या सुरुवातीला. मध्ये पाच वर्षांवर काळ गेला. तिसरी २०२५ मध्ये. टीईटीसुद्धा २०२१ नंतर थेट २०२४ ला झाली. राज्याच्या नोकरीत सरळ भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला अडतीस आणि मागासवर्गीयांना त्रेचाळीस.

आता हिशेब करा. बावीस वर्षांच्या पोराला पाच वर्षे परीक्षा नाही मिळाली, तर तो सत्ताविशीचा होतो. वाईटच आहे, पण दार उघडे राहते. तेहतीस-चौतीस वर्षांच्या बाईला पाच वर्षे परीक्षा नाही मिळाली, तर खुल्या रकान्यातले तिचे दार बंद होते. तिने अभ्यास कमी केला म्हणून नव्हे. कोणीतरी तारीखच लावली नाही म्हणून. पाऊस कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, ते आपण सोसतो. परीक्षेची तारीख तर माणसाच्या हातात आहे ना? मग पेरणीची तारीख तरी सांगा!

काही भाऊ म्हणतील, डी.एड. झालेली हजारो पोरे घरी बसली आहेत, त्यात आणखी भर कशाला? हा प्रश्न खरा आहे. गावोगाव डी.एड. कॉलेजे उगवली तेव्हा लोकांनी वावरे विकून देणग्या भरल्या. पुढे २०१२ पासून भरती अडली आणि त्या पोरांचे हाल आपण डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच मी म्हणते, वावर विकून किंवा सावकाराचे काढून या वाटेला कोणीही जाऊ नये. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. प्राथमिकला ते २०२३ पासून महिना सोळा हजार आहे. कर्ज त्यातून फिटायचे नाही. पण गर्दी आहे म्हणून उशिरा आलेल्याने रांगेत उभेच राहू नये, हा न्याय मला मान्य नाही. रांग सगळ्यांना सारखी लागावी.

आणखी एक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता करायचे म्हटले आहे. आधीच पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांची वाट ठेवली आहे. पण बाहेरून बारावी झालेल्या शेतकऱ्याच्या सुनेने चार वर्षे घर सोडून कुठे राहायचे? याचे उत्तर आजच मागितले पाहिजे.

बैठकीपुढे तीन मागण्या

जिल्हा बैठकीत हा विषय घ्यावा आणि तीन गोष्टींचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. एक, टीईटी आणि भरतीची चाचणी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. दोन, ज्या वर्षी चाचणी झाली नाही ते वर्ष उमेदवाराच्या वयातून वगळावे. करोनामुळे सरकारने २०२३ साली भरतीसाठी दोन वर्षांची सूट दिली होती, म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. तीन, कोरडवाहू भागातल्या शासकीय अध्यापक विद्यालयांत प्रौढांसाठी वेगळी तुकडी असावी. तास आणि हजेरी तेवढीच ठेवा, पण वेचणीच्या दिवसांची सुटी उन्हाळ्यात भरून काढा.

हे झाले सरकारचे. घरचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने आता नोकरीतल्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या कितीतरी गुरुजींनाही टीईटीची पुस्तके उघडायला लावली आहेत. त्यांना कोणी हसत नाही. घरचे चहा करून देतात, आवाज बंद ठेवतात. आपल्या सुनेला तेवढे तरी द्यावे. माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी एकही भाकर थापली नाही. दुसऱ्या वर्षी थापली. जाड होती, पण पोटभर होती. माझ्या पदविकेत त्या भाकरीचाही वाटा आहे.

शेवटी त्या सुनेला मी काय सांगितले? म्हटले, “बारावीचा फॉर्म भर. त्याला फार लागत नाही, आणि बारावी झालीस तर कोणी हिसकावून घेणार नाही. डी.एड.चे बारावीच्या निकालानंतर पाहू. तोवर घरच्या घरी एक वही घाल. एका बाजूला खर्च लिही, दुसऱ्या बाजूला तुझ्या वयाची उरलेली वर्षे लिही. दोन्ही आकडे डोळ्यांपुढे ठेवून निघालीस, तर मी तुझ्याबरोबर आहे.”

सासऱ्यांनी सगळे ऐकले. आता ते हसत नव्हते. उठताना एवढेच म्हणाले, “वही मी आणतो.”

– एक शेतकरी बहीण, जि. यवतमाळ