कारखान्यात म्हातारे झालेले गालिचे

दिवाळी तोंडावर आली की नोएडातल्या मॉलमध्ये घरसजावटीच्या दुकानांत ‘व्हिंटेज’ गालिच्यांचे ढीग लागतात. विटका लाल, धुरकट निळा, मधली नक्षी पुसट झालेली. हात लावला की कळतं, सगळं पॉलिस्टर आहे आणि झीजसुद्धा छापलेली आहे. ढिगातला वरचा उचलून खालचा बघा. त्याच कोपऱ्यात तेवढीच पुसट जागा, तिसऱ्यावरही तीच. इतक्या शिस्तीनं कुणी चालत असेल तर त्याचा सत्कारच करायला हवा.

माझं म्हणणं सरळ आहे. घराला जुना गालिचा शोभतो असं वाटत असेल तर खरंच जुना घ्या, छोटा घ्या, थोडा फाटका असला तरी घ्या. आणि तो दिवाणखान्याच्या मधोमध अंथरायचा हट्ट सोडा.

दुकानातला मुलगा अभिमानानं सांगतो, “पानिपत का माल है, आंटीजी.” पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या पोटात अजून काहीतरी हलतं. दिल्लीकरांना मात्र सतरंज्या, चादरी आणि ब्लँकेटं आठवतात. गाव दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवर, सरकारी हिशेबात एनसीआरमध्येच मोडतं. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आम्ही त्यांना काला अंबच्या युद्धस्मारकाला नेतो. सगळे गंभीर होतात, 14 जानेवारी 1761 ला दुपारपर्यंत पारडं कुणाकडे होतं यावर वाद होतो, आणि परतताना डिकीत सतरंज्या असतात.

त्या सतरंज्या घेण्यासारख्या आहेत, विशेषतः पंजाच्या. पंजा म्हणजे लोखंडी नखांचं हत्यार. विणकर आडवा धागा भरतो आणि पंजानं तो ठोकून ठोकून इतका दाबतो की उभा धागा दिसेनासा होतो. दोन्ही बाजू सारख्या. एक मळली की उलटायची. पानिपतचा दुसरा धंदा त्याहून विलक्षण. युरोप-अमेरिकेतले टाकून दिलेले लोकरी कोट आणि स्वेटर गाठोड्यांनी इथं येतात. बायका बसून त्यांची बटणं, चेनी, अस्तरं काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग ते कपडे पिंजून त्यांचं सूत काततात. लाल कपड्यांचा ढीग लाल सुतासाठी, म्हणजे पुन्हा रंगवायची फारशी गरज नाही. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं भूकंप-पुराच्या मदतीत जगभर गेली. अलीकडे पॉलिस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटांनी तो धंदा बराच खाल्ला. जुन्याचं नवं करण्यात ज्या गावाची हयात गेली, तेच आता नव्याचं जुनं करून मॉलमध्ये पाठवतं. माझा राग आहे तो इथं.

आता घराबद्दल. आमच्या फ्लॅटचा दिवाणखाना एनसीआरमधल्या हजारो दिवाणखान्यांसारखाच. सोफा, टीव्ही आणि दिवाण ठेवला की उरते ती फक्त जाण्यायेण्याची वाट. सजावटकार म्हणतात, सोफ्याचे चारही पाय गालिच्यावर हवेत. हा नियम बंगल्यांसाठी झाला. प्रचंड गालिचे कुणाला शोभतात हे बघायचं तर नव्या संसद भवनात बघावं. भदोहीच्या कारागिरांनी लोकसभेसाठी मोराची आणि राज्यसभेसाठी कमळाची नक्षी विणली आहे. आपल्याकडे दोन बाय तीन फुटांचा तुकडा खोलीच्या मध्यात टाकला तर बिचारा एकटा पडतो, आणि येणारा-जाणारा अडखळतो तो वेगळाच. छोट्या गालिच्याची जागा माणूस जिथं थांबतो तिथं असते. सकाळी पलंगावरून पाय टेकतात तिथं. शिलाई मशीनपाशी. देवघरासमोर. पुस्तकांच्या कपाटासमोर, जिथं एखादं पुस्तक चाळायला म्हणून माणूस उभा राहतो आणि अर्ध्या तासानं खाली बसकण मारतो.

तरीही दिवाणखान्यातच हवा असेल तर एक युक्ती आहे. खाली मोठी, साधी, एकरंगी सुती सतरंजी अंथरायची आणि तिच्या एका कोपऱ्याकडे छोटा गाठींचा गालिचा थोडा तिरका टाकायचा. मोठा गालिचा घेण्याच्या मानानं खर्च नगण्य, आणि छोट्याला अंगण मिळतं.

जमिनीचा मोह सोडला की खरी मजा सुरू होते. मजनू का टीला इथल्या तिबेटी वस्तीतून घेतलेला एक ‘खादेन’ माझ्याकडे आहे, तीन बाय सहा फुटांचा. तिबेटी घरांत हा बसायला आणि झोपायला असतो, म्हणून माप माणसाच्या अंगाएवढं. मी तो दिवाणावर घातला आणि दिवाणाच्या चादरींचा प्रश्न कायमचा मिटला. बदल्यांच्या काळातली लोखंडी ट्रंक खिडकीखाली आहे. तिच्यावर पानिपतची पट्ट्यांची सतरंजी दुमडून टाकली की नातवाची बसायची हक्काची जागा तयार. माझं माहेर सांगोल्याचं, तेव्हा धनगरी घोंगडी घरात असणारच. ती आरामखुर्चीच्या पाठीवर असते, टोचते म्हणून तिच्यावर डोकं कुणी टेकत नाही. दक्षिण दिल्लीहून आलेल्या एका बाईंनी मला ती कोणत्या डिझायनरची म्हणून विचारलं. मी म्हटलं, मेंढ्यांची.

टेबलावर गालिचा घातला की लोक हसतात. त्यांनी सतराव्या शतकातली डच चित्रं बघावीत. व्हर्मीरच्या चित्रात खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीसमोर टेबलावर पौर्वात्य गालिचा चुरगळून पडलेला आहे. एवढी महागाची वस्तू पायाखाली घालणं डच व्यापाऱ्यांना परवडत नव्हतं. लंडनच्या घरात फ्रॉइडनं ज्या कोचावर रुग्णांना झोपवलं त्यावर इराणच्या कश्काई टोळ्यांचा गालिचा आहे, आणि तो कोच आजही तिथं तसाच बघायला मिळतो. जमिनीवरच अंथरायचा हा नियम कुणी केला कोण जाणे.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ज्या छोट्या गालिच्यावर मेहराबीची कमान विणलेली असते तो नमाजासाठी असतो. माझ्याकडे तसा एक काश्मिरी आहे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा दर हिवाळ्यात पाठीवर गाठोडं घेऊन काश्मिरी शालवाला यायचा, वहीत नाव लिहायचा आणि हप्त्यानं पैसे घ्यायचा. त्याच्याकडूनच घेतला. तो मी पायाखाली घालत नाही. भिंतीवर टांगला आहे, कमान वर. टांगताना खिळे ठोकायचे नाहीत, सगळा भार दोन टोकांवर येऊन वीण फाटते. मागच्या बाजूला वरच्या कडेला जाड सुती पट्टी पूर्ण रुंदीभर हातानं शिवायची, तिच्यावर वेल्क्रोची एक बाजू, आणि दुसरी बाजू भिंतीतल्या लाकडी पट्टीला. समोर पश्चिमेची खिडकी नको. दिल्लीचं ऊन दोन उन्हाळ्यांत रंग पिऊन टाकतं.

आमच्या घरातला सगळ्यात साधा तुकडा सगळ्यात जास्त विचारला जातो. सासऱ्यांनी पुण्याहून आणलेली, येरवड्याच्या तुरुंगातली निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी. महाराष्ट्रात सतरंजीला मान नाही. राजकारणात तर ‘सतरंज्या उचलणारा’ ही कार्यकर्त्याची सर्वांत खालची पायरी. पण तुरुंगातल्या विणकामाचा इतिहास मोठा आहे. विजापूरच्या असर महालात सतराव्या शतकातले जुने गालिचे होते, त्यांच्या नकला ब्रिटिश काळात येरवड्याच्या कैद्यांनी विणल्या. विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या 1887 च्या ज्युबिलीनिमित्त विणायला घेतला. 1992 मध्ये किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. हिंदुस्थानी कलांचा अभ्यासक जॉर्ज बर्डवूडनं 1880 मध्येच तक्रार केली होती की तुरुंगातल्या फुकट मजुरीनं हिंदुस्थानी गालिच्याची कला बिघडते आणि स्वतंत्र विणकराचं पोट मारलं जातं. त्याचं बरोबर होतं. आज त्याच तुरुंगांतल्या सतरंज्या संग्राहक चढ्या भावानं शोधतात. माझ्या सतरंजीवर कोण बसलं असेल याहून ती कुणी विणली असेल हा विचार मला जास्त येतो. तिच्या एका टोकाला पट्टी चुकलेली आहे, निळ्याच्या जागी दोन ओळी पांढऱ्या. मी देवघरासमोर बसते ती तिथंच.

हा विचार पुढे नेला की अवघड जागी जाऊन पोचतो. उत्तर प्रदेशच्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात मागांवर लहान मुलं बसवली जात. कोवळी बोटं बारीक गाठ मारतात, असं समर्थन व्यापारी करत. ते खोटं होतं, मुलं स्वस्त पडत एवढंच खरं. कैलाश सत्यार्थी आणि इतरांच्या प्रयत्नांतून 1994 मध्ये ‘रगमार्क’ची खूण आली, आता तिचं नाव ‘गुडवीव्ह’. नवा गालिचा घेताना ही खूण बघता येते. त्याआधीच्या जुन्या गालिच्याला असं काही विचारता येत नाही. जुनी वस्तू घेतल्यानं नवीन मूल मागावर बसत नाही, इतपतच समाधान. काही जणांना ते पुरत नाही, आणि त्यांना पानिपतची मोठ्या माणसांनी पंजानं ठोकलेली सतरंजी घ्यायला माझी हरकत नाही.

दिल्लीत गालिच्याला ऋतू असतो, हे मुंबईतल्या नातेवाइकांना पटत नाही. त्यांच्याकडे बारा महिने दमट, गालिचा म्हणजे बुरशीला आमंत्रण. इथं डिसेंबर-जानेवारीत फरशी अशी गार पडते की अनवाणी चाललं तर गुडघ्यापर्यंत कळ जाते. त्यामुळे दिवाळीनंतर गालिचे निघतात आणि होळी झाली की गुंडाळले जातात. मे-जूनच्या आंधीत बाहेर राहिला तर राजस्थानची निम्मी वाळू त्यात मुरते, आणि वाळूच आतून धागा कापते. गच्चीवर उलटा टाकून पाठीवर हलक्या हातानं काठी मारायची, म्हणजे धूळ खाली गळते. धुण्याआधी ओलं पांढरं फडकं एका कोपऱ्यावर दाबून बघायचं, रंग लागला तर धुवायचा विचार सोडायचा. ठेवताना घडी घालायची नाही, गुंडाळायचा, जुन्या सुती साडीत, आत वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंब. प्लॅस्टिकमध्ये मुळीच नाही. आजीचं वेखंड आणि डांबरगोळ्या यांत मी वेखंडाच्या बाजूची, निदान घराला दवाखान्याचा वास येत नाही.

फाटलेल्याचं काय? रफू. माझ्या काश्मिरी गालिच्याची कड दुरुस्त करणारा कारागीर नजीबाबादचा. शाली रफू करणाऱ्यांसाठी ते गाव नावाजलेलं आहे. हे गाव वसवलं नजीबखान रोहिल्यानं, ज्याचं नाव काढलं की आमच्या घरात आजही एक-दोन ठेवणीतल्या शिव्या बाहेर येतात. 1772 मध्ये मराठी फौजांनी तिथून जवळचाच पत्थरगड लुटून पानिपतचं थोडं उट्टं काढलं. कारागिराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “माताजी, छेद तो भर गया ना?” छिद्र खरंच भरलं होतं. नक्षीची वेल कुठं तुटली होती ते मलाही सापडलं नाही.

राहता राहिली खरेदी. लाजपत नगरजवळच्या अमर कॉलनीत जुन्या फर्निचरच्या गर्दीत गालिच्यांचे तुकडे मिळतात, फेब्रुवारीतल्या सूरजकुंड मेळ्यात विणकर स्वतः भेटतात, आणि भोगल-लाजपत नगरच्या अफगाण वस्तीतून फेरी मारली तरी एखादा बलुची हाती लागतो. कुठंही गेलात तरी आधी गालिचा उलटा करा. हातानं गाठी मारलेला असेल तर पाठीवरही नक्षी तितकीच स्पष्ट दिसते आणि टोकाची झालर म्हणजे गालिच्याचाच उभा धागा असतो. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो मशीन-बंदुकीनं टोचलेला टफ्टेड, आतला डिंक काही वर्षांत पीठ होऊन गळायला लागतो. लोकर दुभंगून बघा, टोकाला फिका आणि मुळाशी गडद असेल तर उन्हानं आणि वयानं विटलेला असण्याची शक्यता जास्त. खरी झीज वाकडीतिकडी असते. दाराकडची बाजू जास्त, पलंगाखालची अजिबात नाही.

मग वयाची गोष्ट येते. प्रत्येक विक्रेता म्हणतो, सौ साल पुराना है. त्याला शांतपणे सांगा की मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्यासाठी न्यायचा आहे. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तिथल्या तिथं गालिचा साठ वर्षांनी तरुण होतो. भाव करायला सुरुवात करायची ती त्यानंतर.