उतारावरचे अधांतरी चाक

पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून अनेक सोसायट्या फाटकाशी सिमेंटचा उंचवटा घालतात. आधीच चढा असलेला रॅम्प त्यामुळे आणखी अवघड होतो. पोट घासू नये म्हणून चालक गाडी तिरपी चढवतो. मधेच एक चाक जमिनीवरून सुटते, हवेत गरगर फिरते आणि गाडी अडते. मग वॉचमन, शेजारी, कधी घरातली मुलेही धक्का मारायला मागे धावतात. गाडीपेक्षा त्यांचीच काळजी करण्याची ही वेळ असते.

चाक का उचलले जाते, हे टेबलाकडे पाहून कळते. ओबडधोबड फरशीवर चार पायांचे टेबल डगडगते, तिपाई मात्र स्थिर राहते. गाडीलाही चारच पाय, पण प्रत्येक पायाला सस्पेन्शनचा गुडघा असतो. गाडी तिरपी चढताना पुढचे एक चाक वर दाबले जाते आणि त्याच्या जोडीदाराला खाली पोहोचावे लागते. स्प्रिंग मऊ असेल तर ती पसरून चाक टेकवते. ताठ असेल तर चाक अधांतरी राहते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार वळणावर गाडीला कलू देत नाही. रॅम्पवर मात्र तोच बार एका चाकाबरोबर दुसऱ्यालाही वर ओढतो.

बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. त्यामुळे मागचे चाक उचलले गेले तरी गाडी सहसा चढते. पुढचे उचलले गेले की अडते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. हवेतले चाक फिरवायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. याच कारणाने, पुढचे एक चाक अधांतरी असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती मागे घसरू शकते. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर पोहोचवतात, पण ही सोय सगळ्या गाड्यांत नसते.

पोट घासते म्हणून काही जण स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवतात. गाडी थोडी उंच होते खरी, पण स्प्रिंग ताठ होते आणि चाकाची खाली जाण्याची पोहोच घटते. घासण्यावर उपाय केला आणि चाक सुटण्याला आमंत्रण दिले, असा हा प्रकार.

आता मागे उभ्या माणसांचा हिशेब. ६ फुटांत १ फूट चढणाऱ्या रॅम्पवर १,००० किलोची गाडी सुमारे १६५ किलोच्या ओढीने मागे येऊ पाहते. शेवाळलेल्या सिमेंटवर पाय रोवून ती हातांनी रोखणे कुणालाही शक्य नाही. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाच्या कंबरेची, मांडीची हाडे मोडतात, आतला रक्तस्राव बाहेरून दिसतही नाही. लहान मूल तर चालकाला आरशातही दिसत नाही.

चाक सुटले की अॅक्सिलरेटर दाबू नये. चाक एकदम टेकले तर गाडी उसळते. पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरावा आणि आधी मागची माणसे बाजूला करावीत. मग ब्रेकच्या आधारानेच गाडी हळूहळू मागे सपाटीवर घ्यावी. सोबतच्यांना उतरवून, गाडी हलकी करून, जमेल तितकी सरळ चढवावी.

तरीही सगळा दोष चालकाच्या माथी मारणे योग्य नाही. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी १२ ला १ हे प्रमाण ठरलेले आहे. फाटकाशी मागाहून घातलेला उंचवटा मात्र बहुधा गवंड्याच्या अंदाजाने होतो. चढाच्या सुरुवातीला आणि शेवटी निम्म्या उताराचा टप्पा ठेवला, गाडी सरळ वळून येईल एवढी रुंदी दिली आणि पृष्ठभागावर खाचा पाडल्या, तर पोट घासणार नाही आणि तिरपे चढण्याची गरजही उरणार नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाच्या आधी हा विषय घ्यायला हवा. मोडलेली हाडे जोडण्यापेक्षा दोन पाट्या सिमेंट नक्कीच स्वस्त पडते.