साथीचा माग आणि वेळेचे भान

वांद्र्याच्या जुन्या वस्तीतून, रणवार गावठाणातून किंवा चॅपेल रोडवरून जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेला दगडी क्रूस दिसतात. त्यांपैकी कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत उभारले गेले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता साथ शहरभर व शहराबाहेर पसरली. रोग कोणत्या वाटेने आला, पुढे कोठे सरकतो आहे, हे सांगणारे साधन त्या पिढीच्या हाती नव्हते. ज्याचा माग लागत नाही त्याच्यापुढे माणूस हात जोडतो. ते क्रूस त्या असहायतेची साक्ष आहेत.

त्याच वांद्र्यात, कुर्ला संकुलाच्या मैदानावर, मे २०२० मध्ये एक हजारांहून अधिक खाटांचे करोना रुग्णालय उभे राहिले. खाटा, प्राणवायू, परिचारिका यांची चिंता तीच होती. पण एका बाबतीत काळ पार पालटला होता. विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा जानेवारी २०२० मध्येच जगापुढे आला होता आणि त्याचा माग अक्षराअक्षराने काढण्याची विद्या शास्त्रज्ञांना साध्य झाली होती. तेव्हा आजचा प्रश्न विद्येच्या अभावाचा नाही. ती वेळेवर वापरली जाते काय, आणि तिने सांगितलेले लोकांपर्यंत पोहोचते काय, एवढाच तो आहे.

नकलेतील चुका

या विद्येला जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात. करोना विषाणूचा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा असतो आणि तो अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. शरीरात शिरल्यावर विषाणू स्वतःच्या असंख्य नकला काढतो, आणि नक्कल करताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. एखादी मात्र विषाणूला अधिक वेगाने पसरण्याचे बळ देते. चूक कोणतीही असो, ती पुढच्या नकलांत उतरत जाते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पोथ्यांची कुळे लावताना विद्वानांनी याच जातीचे तर्कशास्त्र वापरले होते. दोन पोथ्यांत तेच वेगळे पाठ आणि त्याच चुका आढळल्या, तर दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असाव्यात. विषाणूच्या बाबतीतही तसेच. आरटीपीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. तो कोणत्या कुळातला, ते कूळ कोठून आले आणि किती वेगाने इतरांना मागे सारते आहे, हे क्रमनिर्धारणच सांगू शकते.

अमरावतीचा धडा

या विद्येची कसोटी महाराष्ट्रातच लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व शेजारच्या जिल्ह्यांत रुग्णसंख्या एकाएकी वाढू लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. त्या दिवसांत चौकशी चालली होती ती ब्रिटन, दक्षिण आफ्रिका वा ब्राझीलमधील प्रकार येथे आला काय याची. आणि तसा प्रकार आढळला नाही असे सांगण्यात आले. ते उत्तर खोटे नव्हते, प्रश्नच अपुरा होता. परका पाहुणा शोधण्याच्या नादात घरात वाढणाऱ्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

पुढे ज्याच्या एका शाखेने डेल्टा या नावाने जग व्यापले, त्या बी.१.६१७ या कुळाचे सर्वांत जुने नमुने भारतातील ऑक्टोबर २०२० चे आहेत. देशातील दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा संघ डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झाला. बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवेदन केले ते देशभरातून आलेल्या १०,७८७ नमुन्यांच्या आधारे. तोवर देशातील बाधितांची एकूण संख्या एक कोटीवर गेली होती. महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दुहेरी बदल आढळल्याचे त्याच निवेदनात होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत काय घडले, हे ज्या घरांनी भोगले त्यांना सांगावयास नको. ऑक्टोबरातील नमुन्यात जे लिहिलेले होते, ते मार्चअखेर लोकांच्या कानी आले.

मुंबई महापालिकेने यातून बोध घेतला, हे मान्य केले पाहिजे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी कस्तुरबा रुग्णालयात क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा सुरू झाली. पुण्याहून अहवाल येण्यास आठवडे लागत. येथे एका वेळी ३८४ नमुने चार दिवसांत वाचण्याची सोय झाली. तरीही जानेवारी २०२२ च्या फेरीत मुंबईच्या २८० नमुन्यांपैकी २४८ ओमायक्रॉनचे असल्याचे जाहीर झाले, तेव्हा शहरातील लाटेचा कळस होऊन गेला होता. ७ जानेवारीला एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले होते. अहवाल आला तो महिन्याच्या चौथ्या आठवड्यात. यंत्राचा वेग पुरेसा नसतो. नमुना निवडणे, पाठवणे, वाचणे आणि सांगणे या चारही पायऱ्यांचा वेग एकच असावा लागतो.

यावर आक्षेप घेतला जातो की, रुग्णाचा उपचार प्रकारानुसार फारसा बदलत नाही. मग या खर्चिक खटाटोपाचे प्रयोजन काय? एका रुग्णापुरता हा आक्षेप बरोबर आहे, शहरापुरता नाही. खाटा किती वाढवाव्यात, प्राणवायू कोठे साठवावा, लस उपयोगी पडते आहे काय, हे निर्णय त्या अहवालावर अवलंबून असतात. शिवाय यंत्र करोनापुरते बांधलेले नाही. औषधांना न जुमानणारा क्षय मुंबईचे जुने दुखणे आहे; त्याच्या जंतूंचे क्रमनिर्धारण औषध निवडण्यासही साह्य करते. सांडपाण्यातून साथ ओळखण्याचा धडा तर या शहराने पोलिओच्या वेळीच गिरवला होता. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओच्या विषाणूचा शोध घेतला जात असे, आणि भारत पोलिओमुक्त ठरण्यात त्या पहाऱ्याचाही वाटा आहे.

दुसरा आक्षेप भीतीचा. नवा प्रकार जाहीर केला की घबराट पसरते, बदनामी होते. प्रकारांना देशांची नावे चिकटू लागली म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांचा पर्याय दिला. परंतु बदनामी टाळणे वेगळे आणि माहिती दडपणे वेगळे. आज जेथे प्रयोगशाळा आहे, त्याच कस्तुरबा रुग्णालयावर, म्हणजे तेव्हाच्या आर्थर रोड रुग्णालयावर, ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. तेथे काय चालते हे लोकांना कोणी समजावले नव्हते आणि अफवांनी ती जागा भरून काढली होती. भीतीला उतारा मौनाचा नसून विश्वासाचा असतो.

म्हणून अपेक्षा साध्या आहेत. साथ असो वा नसो, नमुन्यांचा ठरावीक हिस्सा दर आठवड्याला वाचला जावा. त्यात बड्या रुग्णालयांबरोबर वस्त्यांतील दवाखाने आणि सांडपाणी यांचाही समावेश असावा. अहवालाला मुदत बांधलेली असावी. आणि कोणाचेही नाव उघड न करता तो सोप्या मराठीत लोकांपुढे ठेवला जावा. पाणीपुरवठ्याचे खाते कोणी दुष्काळ पडल्यावर उघडत नाही; साथींचा पहाराही तसाच बारमाही असला पाहिजे. प्लेगच्या पिढीला माग लागत नव्हता, हा त्यांचा दोष नव्हता. माग लागत असूनही उशीर करणाऱ्या पिढीला मात्र ती सबब उरणार नाही.